काकींच्या कुणग्यातलं खारं पाणी

बाबा,

तुमची लेक दिवसभर बसून आपली खाडी वरून पाहते, हे कळलं असतं तर तुम्ही आधी हसला असता. पुण्यातल्या ऑफिसात मी उपग्रहाने टिपलेली चित्रं तपासते. खाडीकाठच्या खारजमिनीत कुठे अजून भात होतं आणि कुठे कोळंबीची तळी झाली, ते नकाशावर रंगवायचं. शेत ओळखायला सोपं. ते पावसात पाण्याखाली जातं, मग हिरवं होतं, पिवळं पडतं, कापणीनंतर उघडं दिसतं. तळं बारा महिने एकाच रंगाचं, कडा पट्टीने आखल्यासारख्या. तळ्याला मी निळा रंग देते. आपलं शेतही मीच निळं केलं, आणि तेव्हा कुणी बघत नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं.

उधाणाने खाडीच्या बांधाला भगदाड पडलंय, तो दिवस आठवतो. घरटी एक माणूस बांधावर, हा वाडीचा शिरस्ता. तुमचा हात गळ्यात बांधलेला, दादा तापाने पडलेला, म्हणून तुम्ही मला नेता. गडी हसतात. तुम्ही म्हणता, "माज्या घरचा मानूस हाय ती." मी फुगून जाते, घमेल्याने चिखल वाहते. आपल्या शेतासमोरचं बुजलं तशी खाली बसते. पुढचं शेजारच्या काकींचं, असं म्हणते. तुम्ही सगळ्यांदेखत विचारता, "पानी इचारून येतंय काय, कुनाचा शेत म्हनून? उठ." माझे कान तापले होते. घरी येताना विहिरीवर तुम्ही एका हाताने माझे पाय धुतलेत. तेव्हा राग गेला.

तुमच्यामागे शेत पडीक राहिलं. दादा मुंबईत, मी पुण्यात. पडीक ठेवण्यापेक्षा बरं म्हणून आम्ही दोघांनी ते कोळंबीवाल्याला भाड्याने दिलं. त्याने खोल खणून खाडीचं पाणी आत घेतलं. काकींचा भाताचा कुणगा आपल्या शेताच्या मेरेला लागून आहे, त्याचं काय होईल, हे मी विचारलंच नाही. खाऱ्या पाण्याने शेताचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं.

यंदा काकींचं उभं भात करपलं. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "बाय, तू वरना बगतेस ना समदा? मंग सांग, माज्या कुनग्यात ह्ये खारा पानी कुठना येतंय?" सगळा बांध त्या भोक शोधत चालून आल्या होत्या. आपल्या घरावर संशय घ्यायचं त्यांना सुचलंही नव्हतं. माझ्यासमोर चित्र उघडं होतं. ओल आपल्या तळ्यातून निघून मेर ओलांडून सरळ त्यांच्या कुणग्यात उतरलेली. मी म्हटलं, "काकी, ढग आहेत. नीट दिसत नाही."

"हितं तर लख्ख ऊन पडलाय गो."

"वर आहेत. खूप वर."

"असतील बाय. तू शिकलेली. ढग गेलं की सांग."

मला माझी लाज वाटते, बाबा. खरं सांगितलं तर तळं बंद करावं लागेल, दादाशी वाकडं येईल. त्याचंही मला एवढं वाटत नाही. काकी भांडणार नाहीत, नुसत्या गप्प बसतील, ते मला सोसायचं नाही. सांगायचं त्यांना आहे आणि लिहितेय तुम्हाला, कारण तुम्ही वाचणार नाही.

आज पुन्हा त्यांचा फोन आला. बांधावर आता कुणी येत नाही, म्हणून त्या एकट्याच घमेलं घेऊन जातात. जिथे भोक नाही तिथे चिखल लावतात. "तुज्या बापसाच्या वाटनीचा पन मीच घालतंय," म्हणाल्या. मग विचारलं, "गेलं काय गो ढग?"

मी म्हटलं, अजून नाही.