दोराच्या आतलं झाड

तिझगी, ९ जुलै १९९६

चि. बेलैद यास, केल्तूमचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, माफ कर. शाळेच्या परीक्षा होत्या असं सांगता येईल, पण ते खरं नाही. लिहायला बसले की तुला एक प्रश्न विचारावा लागणार होता, आणि त्याच्या उत्तराची मला धास्ती होती.

आधी घरचं. आईचे गुडघे तसेच. बसवाल्याबरोबर भाकरीला लावायच्या अमलूची बरणी पाठवली आहे. आई सांगते की बदाम तिने दळलेत, तेल तिच्या झाडाचं आहे, तेव्हा कचेरीतल्या मित्रांना वाटून बसू नकोस; वाटायचंच असेल तर एखादी मुलगी बघून तिला दे.

महिन्याच्या सुरुवातीला बंदी लागली. रानाची राखण करणाऱ्या एम्बारेक काकांनी गावभर हाळी दिली आणि रानाच्या वाटेवर दोर बांधला. अर्गानची फळं पिकून आपसूक गळेपर्यंत आत माणूस नाही, शेळी नाही. पुढच्या महिन्यात दोर सुटेल तेव्हा सगळे एकदम आत, ज्याने त्याने आपल्या झाडाखाली.

आणि परवापासून टेकडीपलीकडे, दोराच्या आत, यंत्र घरघरतं आहे. शेजारची तूदा मावशी म्हणाली की ढग असतील. जुलैत कसले ढग! समुद्राकडच्या हॉटेलांचा रस्ता आपल्या रानातून जाणार, पण जुनी झाडं राखणार, असं तुमचे साहेब मागे चहा पिऊन सांगून गेले होते. नकाशे तुझ्याच कचेरीत होतात, म्हणून विचारते, आईचं झाड वाचतंय ना? तिच्या वाट्याला तेवढं एकच आहे, आणि आमचं वर्षाचं तेल त्याच्यातूनच निघतं.

उत्तर वाईट असलं तरी लवकर लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
केल्तूम


अगादीर, १५ जुलै १९९६

ती. ताईस, बेलैदचा सा. न. वि. वि.

अमलू एकटाच खातो आहे, म्हणजे मुलगी अजून मिळालेली नाही, असं आईला कळव.

तू उगाच घाबरतेस. आईच्या झाडाभोवतीचं हिरवं वर्तुळ मी माझ्या हाताने काढलं आहे. नुसत्या खोडाभोवती नाही. मुळं सावलीच्याही बाहेर जातात, म्हणून चांगलं ऐसपैस. यंत्र जवळ येण्याआधी तिथे कुंपण घालतात. त्याच्या आत खणायचं नाही, माती ओतायची नाही, गाडीसुद्धा उभी करायची नाही. रस्ता तेवढ्यासाठी वळवून घेतला आहे.

फक्त एक आहे. कागदावरचं वर्तुळ जमिनीवर दाखवायला गावातलं माणूस लागतं. राखायच्या प्रत्येक झाडाला गावाने चुन्याचा पट्टा मारायचा. पट्टा दिसेल तिथे कुंपण. नसेल ते झाड बेवारशी धरून काढतात. तसं पत्र जूनमध्येच पंचांना गेलं आहे, मुदत बुधवार, २४ तारखेपर्यंत. पट्टे मारून झाले असतीलच. झाले ना? साहेब म्हणत होते की तिझगीहून अजून कुणी फिरकलं नाही, पण त्यांना सगळं ठाऊक असतंच असं नाही.

एवढं लिहिलं आणि मलाही कसंसंच झालं. लगेच कळव. आईला नमस्कार, आणि तुझा लोभ माझ्या आळसासकट असू दे.

तुझा,
बेलैद


तिझगी, २२ जुलै १९९६

चि. बेलैद यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. पट्टे मारलेले नाहीत. एकही नाही.

पंचांनी कागद वाचला होता. त्यांचं ठरलं की दोर सुटला की फळं वेचता वेचता चुनाही लावू. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाला त्यांनी रान बंद असल्याचं सांगितलं, त्याने मान डोलावली, मध घालून लोणी-भाकरी खाल्ली आणि गेला. आपली माणसं निर्धास्त झाली. बंदी म्हणजे सगळ्यांनाच बंदी, यंत्रालाही, असं त्यांनी धरलं. मीही धरलं होतं. घरघर ऐकूनही धरलं होतं.

एम्बारेक काकांकडे जाऊन आले. एक दिवस दोर सोडा म्हणून विनवलं. ते म्हणाले की पंच शुक्रवारी बसतील, त्यांना विचार. बुधवारी मुदत संपते म्हटल्यावर त्यांनी उलट मलाच विचारलं की बाई, वर्गात एखादं पोर रांग मोडून पुढे घुसलं तर तू काय करतेस? बंदी मोडणाऱ्याला गावाला मेंढ्याचं जेवण घालावं लागतं आणि त्याचा त्या वर्षीचा वाटा जातो, हे काय त्यांनी मला शिकवायला हवं होतं! पण मला भीती मेंढ्याची नाही. मी दोर ओलांडला तर पुढच्या वर्षी शेळ्यावाले ओलांडतील, आणि मग रान संपवायला यंत्राची गरज उरणार नाही. मला रान वाचवायचं आहे, की फक्त आपलं झाड?

आज वाळत घातलेल्या चादरी तांबड्या मातीने माखल्या. घरघर दुपारी थांबली, आणि ती थांबल्यावर मी चादरी तशाच टाकून टेकडीकडे बघत राहिले. चिरलेल्या लाकडाचा वास येतो आहे, म्हणजे मुदतीचीही वाट कुणी पाहिलेली नाही. रस्ता पलीकडून येतो, आणि त्या टोकाला पहिलं झाड आईचं.

आईपासून लपवता आलं नाही. ती आधी म्हणाली की खबरदार, दोराला हात लावलास तर. मग तिने स्वतःच पातेल्यात चुना भिजवला. मला बजावलं की जायचं तर उजेडी, काकांना सांगून जा. आणि आपल्या झाडापाशी आधी गेलीस तर घरी येऊ नकोस. दोर असतो तो कुणी आपलं आधी गाठू नये म्हणून. मेंढा मात्र हडकुळा बघ म्हणाली. हसली नाही. टेकडीच्या बाजूची खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

म्हणजे दोरापासून सुरुवात, आणि आपलं झाड सगळ्यांच्या शेवटी. तिथवर मी पोचेन की यंत्र, कोण जाणे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर ते ठरून गेलेलं असेल. काहीही ठरलेलं असलं तरी तुझं वर्तुळ चुकलं नव्हतं, हे लक्षात ठेव आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी ताई,
केल्तूम

उद्या: पहिला पट्टा तूदा मावशीच्या झाडाला.