मोजदादीसाठी बंद

शुब्रा, कैरो
३ मे १९९८

चि. फिक्रीस,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मागे तुझ्या बायकोची भांडी वाजत असतात, म्हणून लिहायला बसले. पत्रात हं करून सुटता येत नाही.

वसंताच्या सणाला पाठवलेला खारवलेला मासा मिळाला. आधी वास आला, मग मासा. खालच्या मजल्यावरची तक्रार करायला वर आली आणि अर्धा मासा खाऊन गेली. अलेक्झांड्रियात तुझं पोट आणखी सुटलंय असं ऐकलं. सुटू दे, पण उन्हात जपून फिर.

आता मुद्द्याचं. तूतुंजी विकलं जाणार असं सगळं दुकान कुजबुजतंय. बटणांच्या काउंटरवरची सनिय्या सांगत होती की कोणी व्यापारी ती इमारत पाडून काचेचा बाजार उठवणार आहे. मी तिला म्हटलं, बाई, हे दुकान अशा अफवांवरच जगतंय. खवाजा तूतुंजीने ते बांधलं तेव्हा लोक हसले होते, की तंबाखूवाल्याचं आडनाव आणि विकतोय रेशीम. शिवाय भाव ठरलेला. बायका घासाघीस करायला घसा साफ करून यायच्या आणि विक्रेता नुसतं किमतीच्या चिठ्ठीकडे बोट दाखवायचा. सासूबाई म्हणायच्या की भांडता येत नाही अशा दुकानात काय मजा, पण जायच्या तिथेच. मी हातमोज्यांवर लागले तेव्हा पाशांच्या बायका काउंटरवर कोपर टेकून बसायच्या आणि हातमोजा सहज चढावा म्हणून मी त्यांच्या बोटांवर पावडर टाकायची. मग खवाजा एक बॅग घेऊन देश सोडून गेला आणि दुकान सरकारचं झालं. हातमोजे गेले, टेरिकॉट आलं, कापडासाठी रांगा लागल्या. आता लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय आणि तिच्यात कबुतरं अंडी घालतात. तरी दार रोज उघडतं.

बायकांनी ठरवलंय की विक्रीची गोष्ट खरी असेल तर मोठ्या जिन्यावर गाद्या टाकून बसायचं. आपण आत आहोत तोवर कोणी हलवू शकत नाही, आणि सनिय्या ओरडली तर पोलीससुद्धा टोपी सोडून पळेल. त्या सगळ्या माझ्या तोंडाकडे बघताहेत, कारण माझा दीर दुकान चालवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात बसतो. सनिय्याच्या घरात म्हातारी आई आणि हिची नोकरी, तिसरं काही नाही. म्हणून सरळ विचारते. खरं काय ते कळव.

मुलांना पापे. आठवण असू दे.

तुझी वहिनी,
वदीदा


अलेक्झांड्रिया
१४ मे १९९८

ती. वहिनीस,

सप्रेम सलाम वि. वि. पत्र वाचून इतका हसलो की ऑफिसातला शिपाई चहा घेऊन आला तो तसाच परत गेला. सनिय्या अजून तशीच का? लहानपणी मी बटणं खिशात घातली तेव्हा तिने मला कानाला धरून सगळ्या मजल्यांवरून फिरवलं होतं. तिला सांग, कान अजून दुखतो.

वहिनी, विक्री वगैरे काही नाही. छत गळतंय, तारा जुन्या झाल्यात, म्हणून दुरुस्ती होणार आहे, आणि ती जूनच्या मोजदादीला जोडून करायची असं वर ठरलंय. या वेळी माल मोजायला बाहेरची माणसं येतील. तुम्ही सगळ्यांनी पगारी सुट्टी घ्यायची. एवढ्या वर्षांत अनवाणी उभं राहून गठ्ठे मोजलेत, आता जरा घरी पाय पसरून बसा.

फक्त तो गाद्यांचा विचार बायकांच्या डोक्यातून काढ. वरच्यांना कळलं तर दुरुस्तीचे पैसे दुसऱ्या शाखेला जातील. माझं कोण ऐकतं, पण तुझं ऐकतील. आणि एक कर, दादाने रंगवलेली ती मोजदादीची पाटी या वेळी तू स्वतःच्या हाताने लाव. ती लागली म्हणजे दुकान पुन्हा उघडणार, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे.

माझा पहिला सूट तू याच दुकानाच्या कापडातून शिवलास. मी तुला खोटं सांगेन का? दादाची शपथ.

घरची सर्व मजेत. लोभ आहेच, त्यात तुझ्या हातच्या भरल्या भाज्यांची, त्या महशीची, भर पडावी.

तुझा,
फिक्री


शुब्रा
३० जून १९९८

चि. फिक्रीस,

आशीर्वाद. तू सांगितलंस तसं झालं.

सनिय्या आधी ऐकेना. म्हणाली, आम्हाला बाहेर ठेवून कसली मोजदाद? मोजदाद म्हणजे दार बंद, आपण आत, परातभर कोशरी मागवलेली आणि कोणाचं तरी गठ्ठे मोजताना चुकलं म्हणून आरडाओरडा. मी तिला तुझ्या शपथेबद्दल सांगितलं. ती बराच वेळ बटणांच्या डब्यात हात फिरवत राहिली. मग म्हणाली की कानाला धरलेलं पोर आहे, खोटं बोलणार नाही.

कोणी सामान नेलं नाही. चपला, चहाचे ग्लास, सनिय्याचा चष्मासुद्धा खणातच आहे. उघडल्यावर लागेलच ना.

पाटी मी लावली. दाराआड भिंतीला टेकवलेली होती, धूळ पुसली. तुझ्या दादाने ती रंगवली तेव्हा मला वाचता येत नव्हतं. मी विचारलं की काय लिहिलंय, तर त्याने माझं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं, रंग ओला असताना. बोट निळं झालं. मोजदादीसाठी बंद. मी वाचलेले पहिले शब्द हेच. पुढे अझबकियाच्या भिंतीलगत विकायला मांडलेली जुनी पुस्तकं वाचली ती सगळी याच दोन शब्दांच्या जोरावर. तो जाऊन चार वर्षं झाली, पण अक्षर अजून ताठ आहे.

खाली गिऱ्हाईक बायका थांबल्या होत्याच. पाटी दिसली की मोजदादीनंतर निघणाऱ्या स्वस्तातल्या मालासाठी दिवस मोजायला लागतात. एकीने विचारलं, कधी उघडणार? मी म्हटलं, लवकरच.

कधी ते कळव. आठवण असू दे.

वदीदा


अलेक्झांड्रिया
२५ जुलै १९९८

श्रीमती वदीदा लबीब यांस,

सलाम वि. वि. आपलं ३० जूनचं पत्र आणि त्यानंतरची दोन्ही मिळाली. कामाच्या गडबडीत उत्तर राहिलं. दुरुस्तीला अपेक्षेपेक्षा वेळ लागतोय. आपण रोज तिथे जाऊन उभ्या राहता असं कळलं. उन्हाळा कडक आहे, तसं करू नये. कर्मचाऱ्यांविषयी नवीन व्यवस्थापन योग्य तो विचार करेल.

माझी जागा बदलली आहे. यापुढे जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहू नये.

सोबत आंब्याची पेटी पाठवली आहे. कळावे, लोभ असावा.

आपला,
फिक्री


शुब्रा
१९ ऑगस्ट १९९८

फिक्रीस,

मरियमचा उपास चालू आहे, म्हणून आशीर्वाद मागे घेत नाही. नवीनही देत नाही.

आंबे मी खालच्या मजल्यावर दिले. तू मला 'आपण' म्हणालास तेव्हाच मी पेटी उघडायची नाही असं ठरवलं. मी तुझं नाक पुसलंय. नाक पुसणारीला माणूस आपण कधी म्हणतो, ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मागच्या आठवड्यात मागच्या गल्लीत ट्रक लागले. काउंटर निघाले, आरसे निघाले. मोठ्या जिन्याचा पितळी कठडा कापून काढला. सनिय्याचा चष्मा गेला तो बटणांच्या खणासकट. नव्या मालकाचा माणूस म्हणाला की आम्हाला कोणी बाहेर काढलेलं नाही, आम्हीच दार लावून घरी गेलो. खरंच आहे. दार मीच लावलं.

दारावरचा म्हातारा अब्दू मला बघून रडायला लागला. मार्चमध्ये, सुट्टीच्या दिवशी, तू त्या व्यापाऱ्याला दुकान दाखवायला घेऊन आला होतास. अब्दूला म्हणालास की वहिनीला सांगू नको, तिला अचानक आनंद द्यायचाय. त्या बिचाऱ्याने आनंदाच्या आशेने तोंड बंद ठेवलं. व्यापाऱ्याने विचारलं की इतक्या बायका बाहेर कशा निघणार. तेव्हा तू हसलास आणि दाराआडच्या पाटीवर थाप मारून म्हणालास, या पाटीने निघतील. म्हणजे मी मे महिन्यात विचारलं तेव्हा तुझं उत्तर दोन महिने जुनं होतं. आता तू त्याच व्यापाऱ्याकडे बसतोस, हेही अब्दूनेच सांगितलं.

दुकानाचं मला समजतं. खवाजा गेला, सरकार गेलं, दगडालाही वय असतं. तू हुकूम आणला असतास तर आम्ही जिन्यावर बसलो असतो, हरलो असतो, पण भांडून. तू तुझ्या भावाचं अक्षर आणलंस, आणि ते माझ्या हाताने टांगलंस. सनिय्या मला पाहिलं की रस्ता बदलते. एकदा समोर आली तेव्हा एवढंच म्हणाली की तिने विश्वास पाटीवर ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता. तिची आई अजून विचारते म्हणे, सुट्टी किती मोठी.

पाटी अजून दारावरच होती. बायका येऊन विचारत होत्या, कधी उघडणार? काल मी टर्पेंटाइनची बाटली आणि तुझ्या दादाचा जुना सदरा घेऊन गेले. नव्या रखवालदाराने हटकलं. मी सांगितलं, माझ्या नवऱ्याची पाटी आहे, एक चूक राहिलीय, दुरुस्त करते. पहिला शब्द पुसायला वेळ लागला. त्याचा रंग पक्का असायचा. बोट पुन्हा निळं झालं. दुसरा शब्द तसाच ठेवला.

एक बाई पिशवी घेऊन आली, तिने वाचलं आणि काही न विचारता परत गेली.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तूही लिहिलंस. तर माझ्याकडचं कळवते. लोभ बंद आहे. मोजदादीसाठी नव्हे.

लबीबची विधवा,
वदीदा