न विस्कटणारे टॉवेल

३ मार्च, सोमवार, सकाळ
नवी वही, नवी नोकरी. दोन वर्षांतली सहावी. पण आधीच्या पाच धरायच्या नाहीत, त्यांत माझं मन नव्हतं. कुरियरमध्ये नुसते पाय होते. माशांच्या टाक्या धुण्याच्या कामात तर हातसुद्धा अर्धेच होते.
या वेळी कला आहे. कपड्यांचं आणि घरसामानाचं तीन मजली दुकान. माझ्याकडे डिस्प्ले. म्हणजे शोकेस, पुतळे, मांडण्या, सगळं माझ्या नजरेखाली. ताई त्याच दुकानात तळमजल्यावर शिलाईच्या टेबलाशी बसते. गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करते, बाह्या आत घेते. तिनंच मॅनेजर मॅडमना शब्द दिलाय. नुसता तोंडी नाही, माझ्या फॉर्मवर सही केलीय. महिनाभर ट्रायल. टिकलो तर पक्का.
भावोजी म्हणाले, टिकलास तर हॉलमधल्या दिवाणावर तुझं नाव कोरून देतो. नाही टिकलास तर एकतीसला दिवाण मोकळा कर. विनोदी माणूस.
संकल्प: एकतीसपर्यंत कुठेही न जाणे.

३ मार्च, संध्याकाळ
काम समजलं. हेड ऑफिसकडून छापील फोटो येतो. मांडणी अगदी त्याच्यासारखी हवी. सकाळी नऊला राउंड: विकलेलं भरा, विस्कटलेलं घडी घाला, गेलेले बल्ब बदला, धूळ पुसा, लेबलं सरळ करा. दहाच्या आत आपला फोटो पाठवा. हेड ऑफिस दहापैकी मार्क देतं. दिवसभरात आणखी चार राउंड आहेत. ते जरा अति वाटतं. एकदा नीट मांडलेली वस्तू पुन्हा पुन्हा काय मांडायची?

४ मार्च, मंगळवार
९.४०: टॉवेलचा मनोरा उभा केला. आठ रंग, खाली गडद, वर फिका. डोळे भरून आले.
९.५५: फोटो.
१०.२०: एका बाईंनी सगळ्यात खालचा निळा ओढला. तोच निळा शेजारच्या टोपलीत वेगळा ठेवलेला होता. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, मला हाच बघायचाय. बघितला, नाकाला लावला, ठेवून दिला आणि चादरींकडे गेल्या.
११.००: पुन्हा मनोरा.
११.१०: पुन्हा सपाट.
मार्क सहा. गिऱ्हाईक हा या धंद्यातला मुख्य अडथळा आहे.

६ मार्च, गुरुवार
सरकता जिना बंद पडला. मेकॅनिकनं पायऱ्या काढल्या तर आत ही मोठी साखळी! सायकलची आजीच जणू. जरा वेळ बघत उभा राहिलो. जरा म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मेकॅनिक म्हणाला की त्यांच्याकडे शिकाऊ माणसं लागतात, गावोगाव फिरायचं काम असतं. फिरायचं! नंबर घेऊन ठेवला. नुसता ठेवलाय.
तेवढ्यात दोन राउंड राहिले. मॅडमनी विचारलं, कुठे होता? मी म्हणालो, गिऱ्हाइकांच्या हालचालींचा अभ्यास करत होतो. त्या म्हणाल्या, जिना बंद असताना?
मार्क चार.
जेवताना ताई म्हणाली, भोवऱ्या (घरात मला हेच नाव आहे, का ते कळत नाही), एक महिना रे. एकाच जागी गरगर फिर हवं तर, पण जागा सोडू नकोस. मी तुझ्यासाठी सही केलीय, कुणी अंगठा धरून घेतली नव्हती. मी म्हणालो, काळजी सोड. ती म्हणाली, सोडली असती, पण तू आहेस ना.

९ मार्च, रविवार
गर्दी. एका पुतळ्याचा हात लहान मुलीनं नेला. परत मिळाला, बोटाला आईस्क्रीम. शर्टांच्या चळतीचं भरीत. मनोरा सात वेळा पडला.
आठव्या वेळी मनोरा रचताना विचार आला. पुतळ्याच्या अंगावरचा कोट का विस्कटत नाही? कारण मागून टाचण्या लावलेल्या असतात. मग टॉवेलनंच काय पाप केलंय?

११ मार्च, मंगळवार
साडेआठलाच पोचलो. वॉचमन काका घड्याळाकडे बघून म्हणाले, आज घरी भांडण झालं वाटतं.
ताईच्या टेबलावरून सुई आणि जांभळ्या दोऱ्याचं रीळ घेतलं. विचारलं नाही, कारण ती नव्हती. प्रत्येक टॉवेल खालच्याला मागच्या बाजूनं चार टाके घालून जोडला. समोरून काहीही दिसत नाही. टाके लहानपणी ताईनंच शिकवले होते, तेव्हा मी पळून जाऊ नये म्हणून.
मार्क नऊ! दिवसभरात मनोरा एकदाही पडला नाही. चारही राउंड एका नजरेत झाले. उरलेल्या वेळात गोदामातल्या माणसाकडून शिट्टीवर दोन सूर एकदम काढायला शिकलो. एकच निघतो सध्या.

१४ मार्च, शुक्रवार
शर्टांच्या चळती शिवल्या. उशांचे अभ्रेही. मार्क दहा. दहा!
ताईनं विचारलं, माझं जांभळं रीळ बघितलंस का? मी म्हणालो, जांभळा म्हणजे नक्की कुठला? तिला आश्चर्याचा धक्का कसा देऊ, अजून ठरवलेलं नाही. पक्का झाल्यावर सांगेन.

१७ मार्च, सोमवार
सलग दहा. हेड ऑफिसनं माझा फोटो सगळ्या शाखांना पाठवला. खाली लिहिलंय: असं हवं.
दुपारी चष्मेवाल्या आजी आल्या. गुलाबी टॉवेल हलकेच ओढला. हलला नाही. जोर लावला. मग आजोबांना म्हणाल्या, चला हो, हे नुसतं दाखवायचं आहे, खोटं आहे. आजोबा म्हणाले, मला आधीच वाटलं होतं, खरं इतकं सरळ नसतं.
इतकी शाबासकी मला आजवर कुणी दिलेली नाही.

१९ मार्च, बुधवार
मॅडमनी बोलावलं. मला वाटलं पेढा. त्या म्हणाल्या की टॉवेलची विक्री अर्ध्यावर आली आहे, शर्टांची त्याहून खाली. लोक नेतात ते टोपलीतलं, चळतीतलं एकही नाही. तुझं काय मत?
मी म्हणालो, मांडणी इतकी देखणी आहे की हात लावायचं धाडस होत नसावं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग जरा कमी देखणी कर.
कलावंताला हे असं ऐकावं लागतं. मेकॅनिकला फोन लावला. उचलला नाही.
संकल्प: रोज दोन टाके कमी करणे. उद्यापासून.

२१ मार्च, शुक्रवार
उद्यापासून.
हेड ऑफिसच्या मोठ्या बाई सोमवारी येणार. सलग दहा मार्क मिळवणारी मांडणी त्यांना स्वतः बघायचीय. मॅडम म्हणाल्या, त्यांना आवडलं तर तुझं पत्र त्याच दिवशी काढते. ताईनं ऐकलं. रात्री आमटी मला दोनदा वाढली. आता टाके काढणं म्हणजे सोमवारी मनोरा पडण्याचा धोका. राहू दे.

२४ मार्च, सोमवार, सकाळी ११
आल्या. उंच, कानात मोती, आवाज हळू. मनोऱ्यासमोर उभ्या राहिल्या. वा, म्हणाल्या. मॅडम हसल्या. ताई टेबलामागून मान उंच करून बघत होती.
मग बाईंनी पोत बघायला म्हणून मधला हिरवा उचलला. सगळे आले. आठही रंग, लोंबत, एका कुटुंबासारखे. त्यांनी ते तसेच हवेत धरले आणि मॅडमकडे पाहिलं. मग शर्ट उचलला. सोळा शर्ट आले. मग त्यांनी घडी उलटी केली. जांभळे टाके.
जांभळा दोरा अख्ख्या दुकानात एकाच टेबलावर असतो. मॅडमनी मान वळवली आणि ताईकडे पाहिलं. विचारलं, हे तुम्ही केलंत?
मी बोलणार होतो. योग्य क्षणाची वाट बघत होतो. घाईत बोललं की माणूस चुकीचं बोलतो.

२४ मार्च, संध्याकाळ
क्षण आला नाही. म्हणजे आला, पण तोवर ताई बोलून मोकळी झाली होती. ती म्हणाली, दोरा माझा, भाऊ माझा, सहीही माझीच. उसवून देते.
मग मी म्हणालो, टाके मी घातले. मॅडम म्हणाल्या, ते दिसतंय, शिंपिणीचा टाका इतका वाकडा नसतो.

२५ मार्च, मंगळवार
एकूण दोनशे बारा नग. दुकान बंद झाल्यावर ताई आणि मी जमिनीवर बसून उसवत होतो. शर्टांना भोकं पडली आहेत. ते आता हलक्या भावात जाणार. ताईला लेखी ताकीद मिळाली. तेरा वर्षांतली पहिली.
मी म्हणालो, समोरून तरी काही दिसत नव्हतं ना? तिनं आणखी एक दोरा ओढून काढला. मग म्हणाली, तुला टाके शिकवले तेव्हा उसवायलाही शिकवायला हवं होतं. तेवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.
पत्र मिळालं. पक्कं करण्याचं नव्हे.

२६ मार्च, बुधवार
भावोजींनी विनोद केला नाही. सकाळपासून एकही नाही. आमटी एकदाच.
मेकॅनिकनं फोन उचलला. शिकाऊ माणूस मिळाला म्हणे, गेल्या आठवड्यात. जागेवर टिकणारा आहे.

२९ मार्च, शनिवार, सकाळी ९.५०
दुकानावरून जात होतो. म्हणजे मुद्दाम आलो होतो. अजून उघडलं नव्हतं. ताई शोकेसमध्ये गुडघ्यांवर बसून पुतळ्याच्या पँटीचा काठ सारखा करत होती. छापील फोटो दातांत धरलेला. माझ्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. तोवर सकाळचा राउंड तिच्याकडे, स्वतःच्या कामाआधी. घरात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
डावीकडच्या पुतळ्याचा खांदा बोटभर उतरला होता. आतून ते कळत नाही. काचेवर हात टेकून तिला खुणेनं सांगितलं. तिनं खांदा उचलला. आणखी थोडा, म्हणालो. उचलला. मग तिनं माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, आत बोलावतेय. दाराकडे निघालो, तर मान हलवून नाही म्हणाली. काच दाखवत होती. माझा पंजा उमटला होता, पाची बोटं.
बाहीनं पुसला. तिनं मान तिरकी करून उजेडात पाहिलं आणि पुन्हा पुस म्हणून खूण केली. पुन्हा पुसला.
मग ती बाहेर आली आणि फोटो काढायला रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दहाला पाच मिनिटं कमी होती. तू काचेत दिसतोयस, म्हणाली, जरा बाजूला हो.
झालो.