लाल गाडी आणि काळा सिलिंडर

दादा, काल वर्गात एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, त्या मिस्त्रींना कुणी सांगितलं नव्हतं का?" मी म्हणाले, "सांगितलं होतं." ते मिस्त्री म्हणजे तुम्ही. आयटीआयमध्ये शिकवायला लागल्यापासून दर वर्षी नव्या बॅचला मी तुमची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, तुम्ही माझे वडील हे तर नाहीच. हाताने फार हुशार असे एक जुने मिस्त्री होते. गाडीच्या एसीची गळती शोधायला त्यांनी पाइपात नायट्रोजनऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन भरला. आत कॉम्प्रेसरचं तेल होतं. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल भेटलं की स्फोट होतो, तसा तो झाला. मुलं वहीत लिहून घेतात आणि मी फळा पुसते. काल मात्र त्या मुलीने विचारलं, आणि घरी आल्यावर मी हा कागद लिहायला घेतला.

सावेडीतल्या निवृत्त लष्करी साहेबांची ती लाल गाडी तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. विलायती, दोनच माणसांची, इतकी बुटकी की रिक्षावाले थांबून वरून आत बघायचे. कधीकाळी मुंबईत कुणीतरी तिला एसी बसवला होता. त्याचा कॉम्प्रेसर म्हणजे लोखंडाचं धूड. एसी लावला की इमामपूरच्या घाटात इंजिन उकळायचं, आणि बंद करून काच उघडली की साहेबांच्या बाईंचा दमा उसळायचा. पुण्याच्या दोन गॅरेजांनी हात वर केले, म्हणून साहेब औरंगाबाद रोडवरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. तुम्ही बॉनेट उघडून बराच वेळ नुसते बघत राहिलात आणि म्हणालात, "हे धूड काढून टाकू साहेब. नवा हलका कॉम्प्रेसर घालू, म्होरं मोठी जाळी बसवू. पर गाडीला एक बी नवं भोक पाडायचं न्हाई. म्हाताऱ्या मानसाला सुई टोचायची तर इचारून टोचावी." साहेब हसले. मग तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "आन गॅसचं काम माज्या पोरीचं. त्यातलं मला न्हाई कळत, तिला इचारा."

नव्वदीच्या दशकात नगरमध्ये स्वतःच्या पोरीबद्दल असं बोलणारा मिस्त्री मी तरी दुसरा पाहिला नाही. शेजारचा टायरवाला येताजाता म्हणायचा, "मिस्त्री, पोरीला कुठं गॅरेजात घालतेत का? उद्या कायतरी झालं मंजी?" तुम्ही माझ्या हातात पाना द्यायचात. मी एसी-फ्रिजचा कोर्स पूर्ण केला तेव्हा पुण्याहून तुम्ही गॅसचा दाब मोजायचा लाल-निळ्या तबकड्यांचा गेज सेट आणलात, टॉवेलात गुंडाळून, अंड्यासारखा मांडीवर धरून. लाड मात्र केले नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी पितळी नट आवळून चिरला, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "पाना हातात हाय म्हनून ताकद दावू नको. नट काय तुजा दुश्मन हाय का?" मला इतका राग आला होता की दुपारचा डबा मी न उघडता घरी नेला.

त्या रागाची फेड मी केली, तीही पुस्तकातून. तुम्ही वर्षानुवर्षं फ्रिजची गळती ऑक्सिजनने तपासत होतात, कारण वेल्डिंगचा काळा सिलिंडर हाताशी असायचा आणि नायट्रोजन औरंगाबादहून मागवावा लागायचा. मी तुम्हाला भांडून भांडून ते सोडायला लावलं. मोठ्या अक्षरात कागद लिहून भिंतीवर चिकटवला: जिथे तेल, तिथे ऑक्सिजन नाही. तुम्ही चष्मा लावून वाचलात. "मंजी इतकी वर्सं वाचलो ते नशीबच म्हनायचं," एवढंच म्हणालात. त्यानंतर तुम्ही एकदाही तो सिलिंडर गळतीसाठी वापरला नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे.

लाल गाडीचं काम महिनाभर चाललं. नव्या कॉम्प्रेसरसाठी तुम्ही मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माप घेतलंत, तेरा वेळा कापलात, मग जाड पत्र्याची कमान केलीत, आणि ती जुन्याच बोल्टांवर अशी बसली की कंपनीतून आल्यासारखी. कूलिंग कॉइलचा डबा डॅशबोर्डखाली जुन्याच भोकांत बसवलात. उरलं होतं माझं काम. पाइपात दाब भरायचा, सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा नाही ना बघायचं, मग गॅस भरायचा. साहेब संध्याकाळी पाचला येणार होते, दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन पुण्याला लग्नाला जाणार होते. नायट्रोजनचा टेम्पो सकाळी निघाला होता आणि नेमका घोडेगावचा बाजार होता. रस्त्यावर गुरांच्या गाड्या आडव्या. तीन वाजले, साडेतीन वाजले.

तुम्ही समोरच्या टपरीवर चहाला गेला होतात. मी पत्र्याच्या आडोशामागे गेले आणि काळ्या सिलिंडरला नळी जोडली. थांबता आलं असतं. तुम्हाला विचारता आलं असतं. पण तुम्हाला विचारायचं म्हणजे भिंतीवरचा माझाच कागद माझ्याच हाताने फाडायचा, आणि त्याला माझी तयारी नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत. वाटलं, दादांनी इतकी वर्षं केलं, काही झालं नाही. एका वेळेने काय होतंय.

तुम्ही आलात, गाडीशी बसलात, फेसाचा ब्रश हातात घेतलात. आडोशापलीकडून तुमचा आवाज आला, "टेम्पो आला का गं?"

मी म्हणाले, "आला."

"मंग सोड."

मी चावी फिरवली.

तुमचा डावा डोळा, दोन्ही कान आणि उजव्या हाताची तीन बोटं. तासाभराने टेम्पो आला. शेडमध्ये कुणीच नव्हतं, म्हणून ड्रायव्हरने नायट्रोजनचा राखाडी सिलिंडर दाराशी उभा केला आणि तो निघून गेला. टेम्पो कधी आला असं कुणी विचारू नये म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो टायरवाल्याच्या मागे नेऊन ठेवला. हे त्या वेळी मला सुचलं, याची मला अजून शरम वाटते.

दवाखान्यात साहेब आले, हवालदार आला. पट्ट्यांमधून तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं, तरी कुणी तोंड उघडायच्या आत तुम्हीच बोललात, तेही मोठ्याने, स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे. "मीच जोडला सायेब, वेल्डिंगचा. पोरगी नको नको म्हनत हुती." नायट्रोजन फुटत नाही हे तुम्हाला मीच शिकवलं होतं, तेव्हा काय झालं ते तुम्हाला कळलेलंच होतं. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. हवालदाराने लिहून घेतलं. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला. साहेबांनी गाडी टोचन करून नेली, एसी पुन्हा बसवला नाही. टायरवालासुद्धा लोकांना सांगू लागला की पोरगी शिकलेली हाय, म्हाताऱ्यानं ऐकलं न्हाई.

मग पाटी आली. तुमच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागायचं. जेवलात का. गोळी घ्या. मला आयटीआयत नोकरी लागली तेही मी पाटीवरच लिहिलं, आणि तुम्ही ती पाटी दोन दिवस पुसू दिली नाहीत. चार वर्षं घरातलं प्रत्येक माणूस येताजाता तुम्हाला बोल लावत होतं. एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, राहिलेल्या दोन बोटांत भाकरीचा तुकडा मोडता येत नाही. आईला ते बघवत नाही. ती पाटी ओढते आणि लिहिते, पोरीचं ऐकलं असतं तर. तुम्ही वाचता. मान हलवता. ओल्या तळव्याने पाटी पुसता आणि माझ्याकडे बघता, रागाने नाही, काही मागतही नाही, तव्यावरची भाकरी करपतेय एवढं हाताने दाखवता. मी ती भाकरी उलटली. त्या क्षणी खडू माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

तुमच्यामागून आई गेली, तेव्हाही तिला हेच खरं वाटत होतं. आता खरं सांगायला कुणी उरलं नाही, फक्त दर वर्षीची बॅच आहे, आणि तिलाही मी हेच शिकवते. पाटी माझ्या कपाटात आहे. हा कागद कुठे टाकायचा मला कळत नाही, तो पाटीसारखा पुसताही येत नाही. एवढं सगळं पाटीवर कसं मावलं असतं, अशी मी माझी समजूत काढत आले. आता लिहिल्यावर दिसतं की तुम्हाला एवढं सगळं सांगायची गरजच नव्हती. एक ओळ पुरली असती.

टेम्पो आला नव्हता, दादा.