रिकाम्या सीटची वाट

चिंचणी, मार्च १९७९

प्रिय सुलू,

मुलगी झाल्याची तार आली तेव्हा मी ओटीवरच ती दोनदा वाचली. तुम्ही दोघी सुखरूप आहात, बास झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तुला प्रवास नको म्हटलं आणि माईनंच लंडनला यायचं ठरवलं. दादा विमान कंपनीत, मग काळजी कसली? गावाला वाटतं मी विमानं हाकतो. मी त्यांच्या पोटात बॅगा रचतो, हे किती वेळा सांगू!

आमची कंपनी सुरू झाली ती टपालाची पोती वाहायला. माणसं मागाहून बसली. नोकरांच्या आईवडिलांचा नंबर त्याच्याही मागे. माईला पास मिळाला, पण सीट रिकामी राहिली तरच बसवणार. हे मी तिला समजावलं होतं. तिला एवढंच कळलं, की तिकीट आहे. मार्गशीर्षात चांगला दिवस पाहून ती निघाली. अख्खी आळी एसटीपर्यंत आली, नारळ फुटला, सुगंधाकाकूनं हातावर दही घातलं. आणि सांताक्रूझला विमान भरलेलं, नाताळची गर्दी. माई बाहेर बाकावर आणि मी आत परक्यांच्या बॅगा चढवतोय.

घरी चल म्हटलं, तर ऐकेल ती माई कसली! एकदा प्रस्थान केलं की काम झाल्याशिवाय परत घराचा उंबरा ओलांडायचा नाही. "मी निघाली हाय. पोरीला पायल्याबिगर घरी नाय जायची." मग बोईसरला जमनामावशीकडे मुक्काम, डिंकाच्या लाडवांचा डबा उशाशी. मी वशिले लावले, साहेबांपुढे हात जोडले. दर खेपेला ती नवं लुगडं नेसून यायची आणि ऐन वेळी कुणीतरी पुऱ्या तिकिटाचा धापा टाकत पोचायचा. मावशीच्या घरामागे कारखाने. धूर खाली उतरला की माईचा दमा उसळायचा. आपली वाडी एसटीनं किती लांब? चार दिवस चिकूच्या सावलीत पड, म्हणून मी भांडलो, पाया पडलो. नाही म्हणजे नाही. मला तिचा राग आला होता, अजून येतो.

तुझ्या नवऱ्याला मी सगळं कळवत होतो. तू मोकळी होईपर्यंत तुला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. पुढेही माझी जीभ रेटेना. पण काल तुझं पत्र आलं. माईला वाडी सुटली नाही, लेकीपेक्षा झाडं प्यारी झाली, असं लिहिलंस. ते वाचून मला गप्प राहवेना, म्हणून हे पत्र. सुलू, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या ओटीवर माई गेली. लोक म्हणाले, घरी नेऊ, घटकाभर अंगणात ठेवू. मी नको म्हटलं. गाडी आपल्या दारावरून नेली, थांबवली नाही, सरळ समुद्रावरच्या स्मशानात नेली. वाडी तिनं केव्हाच सोडली होती गं. ती तुझ्याकडेच निघाली होती.

तुझाच,
विश्रामदादा