ईस्टर लाइव्ह, वारजे ते धायरी

१४ जानेवारी २०१८, रविवार
सासूबाई, म्हणजे आनंदीबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून धायरीत पलंगावर. सात महिने चर्च नाही. आज शब्द देऊन टाकला: ईस्टरची उपासना वारज्याच्या आपल्या चर्चमधून थेट तुमच्या टीव्हीवर. तीन कॅमेरे, सगळं वायरलेस. हिंजवडीत अठरा वर्षं सॉफ्टवेअर तपासतोय, त्यामानाने हे काहीच नाही. सासूबाईंना भरून आलं. बायको, कौशल्या, म्हणाली, "आईला उगाच आशेला लावू नका." तिचा विश्वास लाँचनंतर बसतो.

२३ जानेवारी
पाळकसाहेबांची परवानगी मिळाली. अट एकच, त्यांची डावी बाजू दिसावी. टक्कल उजवीकडून वाढतंय.

४ फेब्रुवारी, दुपारी ४
तयार कॅमेरे विकत घेणं हा वेडेपणा. घरातले तीन जुने मोबाइल, एक राउटर, मोबाइल टांगायला पडद्याचा रॉड: झाली आपली रिग. मोबाइलवरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून धायरीला. इतकं सोपं की मोठ्या कंपन्यांना सुचलं कसं नाही. रॉड हॉलमधला आहे. पडदे सध्या सोफ्यावर.

२५ फेब्रुवारी
टेस्टिंग. दोन मोबाइल लॅपटॉपला सापडत नाहीत. तिसरा सापडतो, पण चित्र उलटं. पाळकसाहेब छताला लटकून आशीर्वाद देतात. दोष चर्चच्या भिंतींचा. बांधताना कोणी वाय-फायचा विचारच केलेला नाही.

११ मार्च
तिन्ही मोबाइलना वायरी जोडल्या. तात्पुरत्या. तत्त्वतः रिग वायरलेसच. गायनवृंदातल्या इंदुबाई वायरीत अडकल्या, पडल्या नाहीत. म्हणाल्या, यातली वायरलेस कुठली? तांत्रिक विषय.

२५ मार्च, झावळ्यांचा रविवार
पंख्याने रॉड हलतो, म्हणून पंखे बंद करायला लावले. लोकांनी मिरवणुकीसाठी आणलेल्या झावळ्यांनी वारा घेतला. दृश्य फार सुंदर. रेकॉर्ड झालं नाही.
सासूबाईंचा फोन. नवी साडी काढून ठेवलीय, नेसूनच टीव्हीसमोर बसणार. आता माघार नाही. घ्यायची नव्हतीच.

१ एप्रिल, ईस्टर
झालं एकदाचं. लिंक चर्चच्या ग्रुपवरही टाकली होती, अकरा घरांनी पाहिलं.
किरकोळ त्रुटी: पहिल्या कॅमेऱ्यात पाळकसाहेब मानेपर्यंतच आले. दुसरा मोबाइल तापून बंद. तिसरा चाळीस मिनिटं इंदुबाईंवर. डोळे मिटलेले होते, त्याला प्रार्थना म्हणता आलं असतं. तोंड उघडं होतं.
आवाज मात्र स्वच्छ. माझा. टेस्टिंगसाठी कॉलरला लावलेला माइक काढायचा राहिला. "हे तिसऱ्यांदा शेवटचा मुद्दा म्हणाले" हे प्रवचनावेळी पुटपुटलेलं वाक्य अकरा घरांत ऐकलं गेलं. त्यातलं एक घर पाळकसाहेबांचं. त्यांच्या पत्नी तापामुळे घरी होत्या.
कौशल्या धायरीहून आली. सासूबाई शेवटपर्यंत साडी सावरून बसल्या होत्या म्हणे. मग विचारलं, "यात माझं चर्च कुठंय?" मी जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

८ एप्रिल
सासूबाई चर्चला आल्या. दारापर्यंत रिक्षाने, पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी पायऱ्यांवरून उचललं. सगळे उभे राहिले. इंदुबाई रडल्या. यावंसं कशामुळे वाटलं, असं मी विचारलं. म्हणाल्या, "तुमचं ते बघितलं, आणि म्हटलं, हाड परत मोडलं तरी चालेल."
थोडक्यात, थेट प्रक्षेपणामुळे माणसं चर्चला परत येतात. कमिटीपुढे हा मुद्दा मांडणार.

१५ एप्रिल
कमिटीने ऐकून घेतलं. ठराव एकमताने: रिग घरी न्यावी. मला मात्र सेवेत ठेवलंय. दर रविवारी खुर्चीचा मागचा डावा पाय माझ्याकडे. आज उचलला. पायऱ्या नऊ आहेत. पाचवीवर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जरा दम खा."