पोर पाठीला कसं बांधावं

कोपरी, ठाणे
२० ऑगस्ट १९५४

प्रिय लक्ष्मी,

तुझा निरोप काळुरामकाकांनी पोचवला. दिवाळीनंतर मिठागराचं काम सुरू झालं की तान्हं पोर दिवसभर कशात घेऊन वावरायचं, एवढंच तू विचारलंस. पण मला चार ओळींत उत्तर देता येत नाही. या गोष्टीची इतकी किळस आली आहे की लिहायला बसले तर सगळंच बाहेर येईल. येऊ दे.

माझी तान्ही सगुणा गेली तेव्हा मी कोणाशीच धड बोलले नाही, तुझ्याशीसुद्धा नाही. दोन वर्षांनी नाथा झाला आणि मी मनाशी ठरवलं की याला आपल्या अंगावेगळा करायचा नाही. ठरवणं सोपं असतं गं. आधी त्याला पदरात गुंडाळून कमरेवर घेतला. पण मिठाची पाटी डोक्यावर चढवायला दोन्ही हात लागतात, आणि तो घसरून बांधावर पडता पडता वाचला. मग तुझ्या दाजींनी गोणपाटाची झोळी शिवून दिली. दुपारपर्यंत तिच्यात मीठ उतरलं आणि पोराच्या मांड्या सोलवटून निघाल्या. त्यानंतर टोपलीला दोरी लावून पाठीवर अडकवली. दोरीने माझे खांदे कापले ते कापलेच, पण संध्याकाळी त्याला बाहेर काढला तर पाय निळसर पडलेले. त्या दिवशी मी बांधावर बसून स्वतःलाच शिव्या घातल्या.

मुकादम परशुराम येऊन उभा राहिला. तो वाईट बोलला नाही, म्हणूनच जास्त राग आला. म्हणाला, “सगळ्या बायका पोरं खोपीत झोपवतात. तू काय निराळी आहेस?”

ती खोपी तू पाहिली नाहीस. ताडपत्रीखाली सात-आठ पोरं ओळीने निजवलेली असतात. मुकादमाची बायको रखमाबाई सकाळी सगळ्यांना बाळागोळी चाटवते. मोहरीएवढी अफू, बस. मग दिवसभर एकही रडत नाही. ओठांवर माशा बसतात, डोळ्यांच्या कोपऱ्यांत शिरतात, पण एकाचाही हात हलत नाही. दुपारी आया येतात, झोपलेल्या तोंडात छाती देतात, दूध गालावरून ओघळतं. आणि रखमाबाई कौतुकाने सांगते, कशी गुणाची पोरं आहेत बघा. मला त्या शब्दाने ओकारी येते. गुणाची म्हणे.

शेवटी वाट दाखवली ती बुधीने. रानातून मोळ्या घेऊन ठाण्याच्या बाजारात येणारी कातकरीण. डोक्यावर मोळी, पाठीवर पोर, आणि ते पोर मजेत इकडेतिकडे बघतंय. मी तिला टेंभी नाक्याजवळ थांबवलं. तिने मोळी उतरवली आणि भर रस्त्यात माझ्या पाठीला नाथाला बांधून दाखवला. तेच आता तुला सांगते. नवं कापड घेऊ नकोस, ते घासतं. खूप धुतलेलं, विरत आलेलं सुती लुगडं घे आणि अर्धं फाड. पोराचं बूड खोल बसलं पाहिजे आणि गुडघे त्याहून वर, बेडकासारखे फाकलेले. हनुवटी छातीत रुतू देऊ नकोस. त्याचा श्वास तुझ्या मानेला लागला की समज बरोबर बसलं. कापड खांद्यावर पसरव, त्याची दोरी होऊ देऊ नकोस. गाठ पोटावर नको, कुशीला मार. आणि दर वेळी पाजायला सोडशील तेव्हा गोड्या पाण्याने त्याचे पाय पुसून खोबरेल लाव.

पहिल्या दिवशी मी तशी गेले तेव्हा बायका हसल्या. तुळसा कातकरीण झाली म्हणाल्या. ज्या बाईकडून मी शिकले तिच्या जातीचं नाव त्यांच्या तोंडी शिवीसारखं होतं, आणि त्यांची स्वतःची पोरं तिकडे खोपीत माशा अंगावर घेऊन पडलेली. मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याएवढ्याच पाट्या वाहिल्या. परशुरामला काही बोलायला जागा उरली नाही. तुझे दाजी आता गाठ स्वतः मारून देतात, पण गावाच्या वेशीजवळ आलो की अजूनही लाजेने माझ्यापुढे दहा पावलं चालतात. त्यांचीही मला कधी कधी शिसारी येते. तरी गाठ घट्ट मारतात, हे खरं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. सगुणा दात येताना तापाने गेली असं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिला ताप नव्हता. त्या दिवशी भरतीच्या आधी मीठ उचलायचं होतं आणि ती किरकिरत होती. रखमाबाईने एक गोळी दिली होती, ते मला ठाऊक होतं. तरी मी दुसरी दिली, माझ्या हाताने. दुपारी पाजायला गेले तर ती झोपलेलीच होती, आणि मला बरं वाटलं, लक्ष्मी. मला बरं वाटलं. संध्याकाळी उचलली तेव्हा गार होती. ती दुसरी गोळी आईने दिलेल्या डबीतली. आपण दोघी त्याच गोळ्यांवर वाढलो, तिला त्यात वावगं काय दिसणार? काल आई तुझ्या बाळंतपणाला दिवा गावी निघण्याआधी माझ्याकडे येऊन गेली. बोचक्यात दुपटी, बाळंतशेपा, आणि तशीच एक डबी. मला हौसेने दाखवली. मी ती पुन्हा बोचक्यात ठेवून दिली. तिला हे कधीही कळू देऊ नकोस, उरलेलं आयुष्य ती कशी काढेल? डबी तिच्या हातून घे, नीट ठेवते म्हण, आणि ती मागच्या दारी गेली की खाडीत टाकून ये.

तुझीच ताई,
तुळसा